एकोणीस मतांनी

२९ ऑगस्ट १७८६ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या नॉर्थॅम्प्टन गावी दिवाणी कोर्ट बसायचे होते. न्यायाधीश पोहोचले तेव्हा कोर्टाच्या दारात सुमारे दीड हजार माणसे उभी होती. कोणाकडे बंदूक, कोणाकडे नुसता सोटा, बरोबर ढोल आणि बासऱ्या. बहुतेक सगळे आसपासच्या गावांतले शेतकरी होते. त्यांनी कोणाला मारहाण केली नाही, काही लुटलेही नाही. आज कोर्ट बसणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी गर्दीचा अंदाज घेतला आणि कामकाज तहकूब करून ते निघून गेले.

कोर्ट बसले नाही तर कर्जवसुलीचा निकाल होत नाही, निकाल नाही तर जप्ती नाही, आणि जप्ती नाही तर बैलजोडी निदान पुढच्या तारखेपर्यंत गोठ्यात राहते. हा हिशेब सरळ होता. पुढच्या काही आठवड्यांत वूस्टर, कॉन्कॉर्ड, टॉन्टन, ग्रेट बॅरिंग्टन इथली कोर्टेही अशीच बंद पडली. इतिहासात याला ‘शेजचे बंड’ म्हणतात. डॅनियल शेज हा पेलम गावचा शेतकरी, स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन झालेला. फ्रेंच सेनानी लाफाएतने त्याला एक तलवार भेट दिली होती. कर्जापायी ती त्याने विकली असे सांगतात. तो बंडाचा एकमेव पुढारी नव्हता, आणि बंडवाले स्वतःला बंडवाले म्हणवतही नव्हते. ते ‘रेग्युलेटर’ होते, कारभार ताळ्यावर आणणारे.

कारभार ताळ्यावर नव्हता हे खरेच होते. युद्धात सैनिकांना पगार म्हणून कागदी रोखे मिळाले. घरी परतल्यावर पोट भरायला त्यांनी ते पडत्या भावात विकले. घेणारे होते बॉस्टनकडचे पैसेवाले. युद्ध संपल्यावर राज्याने ठरवले की हे कर्ज फेडायचे, तेही जवळजवळ दर्शनी किमतीने, आणि त्यासाठी डोईपट्टी आणि जमीनपट्टी वाढवायची. कर भरायचा सोन्याचांदीच्या नाण्यांत, आणि डोंगराळ पश्चिमेत नाणे दिसायलाही दुर्मीळ. ज्याने लढाई केली आणि रोखा विकला, त्यानेच आता तो रोखा विकत घेणाऱ्याचा नफा करातून भरायचा. गावोगावच्या सभांनी बॉस्टनला अर्ज धाडले: कागदी चलन काढा, वकिलांची फी कमी करा, राजधानी बॉस्टनमधून हलवा, सिनेटच रद्द करा. विधिमंडळाकडून ठोस काही हाती लागले नाही.

हे शेतकरी राजकारणात नवखे नव्हते. १७७४ मध्ये इंग्लंडच्या राजाने नेमलेल्या न्यायाधीशांची कोर्टे याच भागातल्या लोकांनी अगदी अशीच बंद पाडली होती, आणि तेव्हा त्याला देशभक्ती म्हटले गेले होते. १७७८ मध्ये राज्याच्या घटनेचा पहिला मसुदा गावसभांपुढे आला तेव्हा लोकांनी तो नाकारला. त्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, ही एक मोठी तक्रार होती. मग जॉन ॲडम्सच्या हातचा दुसरा मसुदा आला. त्यात सुरुवातीलाच हक्कांची यादी होती आणि विधिमंडळ, कार्यकारी सत्ता, न्यायालये यांची फारकत स्पष्ट शब्दांत लिहिली होती. गावसभांनी कलमांवर एकेक करून चर्चा केली आणि १७८० मध्ये ती घटना लागू झाली. घटना सरकारने करायची नसते, त्यासाठी वेगळी परिषद बोलवायची आणि तिचा मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हा पायंडा इथे पडला. आजही चालू असलेल्या लिखित घटनांमध्ये ही सर्वांत जुनी मानली जाते. सहा वर्षांतच त्या घटनेखाली निवडून आलेल्या सरकारविरुद्ध त्याच गावांतली माणसे बंदुका घेऊन उभी राहिली. सॅम्युअल ॲडम्स हा बॉस्टनचा जुना क्रांतिकारक. त्याचे मत असे पडले की राजाविरुद्धचे बंड एक वेळ माफ करता येईल, प्रजासत्ताकाविरुद्धचे नाही. त्याला देहान्तच हवा. बारा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या उद्योगांची आठवण त्याला अडचणीची वाटली असेल असे दिसत नाही.

तेव्हा ‘अमेरिकेचे सरकार’ म्हणावे असे फारसे काही नव्हते. १७८१ पासून लागू असलेल्या करारनाम्याने तेरा राज्यांची एक काँग्रेस उभी केली होती. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. काँग्रेसला कर लावायचा अधिकार नाही. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमल्यास द्यायचे. करारनाम्यात काही बदलायचे तर तेराही राज्यांचा होकार हवा. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये गडबड सुरू झाली तेव्हा काँग्रेसने १,३४० नवे सैनिक भरायचे ठरवले, आणि कारण सांगितले आदिवासी टोळ्यांच्या धोक्याचे. ते सैन्य वेळेवर उभे राहिलेच नाही, कारण पैसा आला नाही.

शेवटी गव्हर्नर जेम्स बॉडविनने बॉस्टनच्या व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली आणि जनरल बेंजामिन लिंकनच्या हाताखाली सुमारे तीन हजारांची फौज उभी केली. म्हणजे राज्याची फौज, पण खर्च धनकोंचा. ती पोहोचण्याआधीच, २५ जानेवारी १७८७ रोजी, शेज आणि त्याचे लोक गुडघाभर बर्फातून स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. शस्त्रागार काँग्रेसचे होते आणि राखायला राज्याचे मिलिशियावाले. त्यांचा प्रमुख विल्यम शेपर्ड याने तोफांचे पहिले बार डोक्यांवरून काढायला सांगितले. माणसे पुढे येत राहिली, तेव्हा छऱ्यांचा मारा थेट गर्दीत केला. चार ठार, वीसेक जखमी. समोरून एकही गोळी सुटली नाही. आपलेच शेजारी आपल्यावर तोफ डागतील असे त्यांना वाटले नसावे. दहा दिवसांनी लिंकनची फौज रात्रभर हिमवादळातून चालत पीटरशॅमला पोहोचली आणि रविवारी सकाळी तिने शेजच्या लोकांना बेसावध गाठले. दीडशेच्या आसपास माणसे सापडली, बाकीचे पांगले. शेज व्हरमाँटला पळाला. तो मुलूख तेव्हा या तेरा राज्यांत मोडत नव्हता.

लष्करी हिशेबाने प्रकरण किरकोळ होते. त्याची बातमी मात्र किरकोळ राहिली नाही. काँग्रेसचा युद्धसचिव हेन्री नॉक्स याने जॉर्ज वॉशिंग्टनला पत्रातून कळवले की ही माणसे मालमत्ता सर्वांची सामायिक मानतात. ही शुद्ध अतिशयोक्ती होती, कारण या शेतकऱ्यांची सगळी धडपड स्वतःची मालमत्ता वाचवण्याची होती. पण माउंट व्हर्ननला निवृत्त होऊन बसलेला वॉशिंग्टन ते वाचून हादरला. काँग्रेसचा सदस्य हेन्री ली याने त्याला सुचवले होते की तुमचे वजन वापरून लोकांना शांत करा. वॉशिंग्टनने उत्तर पाठवले की वजन म्हणजे शासन नव्हे. त्या काळच्या ढीगभर पत्रव्यवहारातले हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. एखाद्या मोठ्या माणसाच्या शब्दाने लोक गप्प बसत असतील, तर तो माणूस गेल्यावर काय? जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण करील असे सरकार हवे, नसेल तर जे होईल ते भोगावे, असा त्याचा सूर होता. पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून बसलेला टॉमस जेफरसन मात्र निवांत होता. अधूनमधून छोटेसे बंड झालेले बरे, असे त्याने व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनला लिहिले. पॅरिसहून तसे वाटणे सोपे होते.

ॲनापोलिसला सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या प्रश्नावर एक बैठक झाली होती. पाच राज्यांचे बारा जण आले आणि पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला सर्वांनी जमावे असे ठरवून पांगले. एरवी त्या निमंत्रणाकडे किती जणांनी लक्ष दिले असते कोण जाणे. स्प्रिंगफील्डनंतर चित्र बदलले. घराबाहेर पडायला नाखूश असलेला वॉशिंग्टन १३ मे १७८७ रोजी फिलाडेल्फियात दाखल झाला. २५ मे रोजी सात राज्यांचे प्रतिनिधी जमले तेव्हा गणपूर्ती झाली आणि त्याला एकमताने अध्यक्ष केले गेले. उन्हाळाभरात एकूण ५५ जण हजेरी लावून गेले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. कामकाज गुप्त होते. आज आपल्याला त्या दिवसांची बित्तंबातमी आहे ती मुख्यतः जेम्स मॅडिसनच्या टिपणांमुळे, आणि ती टिपणे तो वारल्यानंतर, १८४० मध्ये छापली गेली.

मॅसॅच्युसेट्सचे चार जण तिथे होते: एल्ब्रिज गेरी, रुफस किंग, नॅथॅनिएल गोरम आणि केलेब स्ट्राँग. स्ट्राँग नॉर्थॅम्प्टनचाच वकील, म्हणजे पहिले कोर्ट बंद पडले त्या गावचा. ३१ मे रोजी प्रतिनिधिगृह लोकांनी थेट निवडावे का, यावर चर्चा झाली. गेरी म्हणाला की आपल्याला ज्या व्याधी जडल्या आहेत त्या लोकशाहीच्या अतिरेकातून आलेल्या आहेत. लोक वाईट नसतात, पण ढोंगी देशभक्त त्यांना बहकवतात. कनेक्टिकटचा रॉजर शर्मन म्हणाला की सरकारशी लोकांचा संबंध जितका कमी तितका बरा. उलट व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने एका सभागृहात तरी लोकांचा थेट आवाज हवाच, असा आग्रह धरला आणि तो टिकला. अमेरिकी लोकशाहीचा पाया घालणाऱ्या दालनात लोकशाही हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरात उच्चारला जात होता, हे विसरून चालत नाही.

सर्वांत मोठे भांडण झाले ते प्रतिनिधित्वाच्या मोजमापावर. मोठी राज्ये म्हणत होती, दोन्ही सभागृहांत लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्ये म्हणत होती, मग आम्ही गिळलेच जाऊ. आजवर प्रत्येक राज्याला एक मत आहे, तेच ठेवा. कनेक्टिकटवाल्यांनी मधला तोडगा मांडला: प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेटमध्ये सगळे समान. १६ जुलैला मतदान झाले. बाजूने पाच राज्ये, विरुद्ध चार. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन असे फुटले, म्हणून त्या राज्याचे मतच बाद झाले. गेरी आणि स्ट्राँग तोडग्याच्या बाजूने होते. राज्य मोठे असूनही त्यांनी लहानांना वाट दिली, कारण समेट झाला नाही तर संघच मोडेल असे स्ट्राँगला वाटत होते. मॅसॅच्युसेट्स विरुद्ध गेले असते तर पाच-पाच होऊन प्रस्ताव पडला असता. गंमत अशी की या दोघांचीही सही घटनेवर नाही. स्ट्राँग घरच्या आजारपणामुळे लवकर परतला, आणि गेरीने शेवटी सहीला नकार दिला.

लोकसंख्येवर जागा म्हटले की माणसे मोजावी लागतात, आणि दक्षिणेत ती मोजताना लाजिरवाणा सौदा झाला. गुलामांना मत नाही, पण मालकांच्या राज्याला जागा मिळाव्यात म्हणून पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची. १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर काँग्रेसने बंदी घालायची नाही. पळालेला गुलाम परत द्यायचा. एवढे सगळे लिहिले, पण ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येऊ दिला नाही. हा हिशेब चुकता व्हायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती यावी लागली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती हा कलंक पुसण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

शेजच्या बंडाची सावली मसुद्यावर जागोजाग आहे. बंड मोडायला काँग्रेस मिलिशिया बोलावू शकेल. राज्याने मागणी केली तर अंतर्गत हिंसाचारापासून संघ त्याचे रक्षण करील. कोणतेही राज्य कागदी चलन काढणार नाही, करारांचे बंधन सैल करणारा कायदा करणार नाही. कर्जदारांच्या अर्जांतली कागदी चलनाची मागणीच कायमची निकालात निघाली. अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा, म्हणजे देहोपस्थितीचा हक्कही फक्त बंड किंवा परचक्र असतानाच स्थगित करता येईल असे ठरले. मॅसॅच्युसेट्सने आदल्या हिवाळ्यात तो स्थगित केलाच होता. जे त्या दालनात हजर नव्हते, त्यांच्या धास्तीने इतकी कलमे लिहवून घेतली.

१२ सप्टेंबरला मेसनने हक्कांची सनद जोडावी असे सुचवले आणि गेरीने तसा ठराव मांडला. हजर असलेल्या दहाही राज्यांनी तो फेटाळला. माणसे चार महिन्यांनी दमली होती, आणि राज्यांच्या घटनांत हक्क आहेतच, असे अनेकांना वाटत होते. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. लोकशाहीच्या अतिरेकाला भ्यालेला गेरी आणि थेट निवडणुकीसाठी भांडलेला मेसन, दोघेही सही न करणाऱ्यांत होते, आणि दोघांचीही एक तक्रार समान होती: हक्क कुठे आहेत?

करारनाम्याप्रमाणे तेराही विधिमंडळांचा होकार हवा होता. फिलाडेल्फियाने तो नियम बाजूला ठेवला आणि ठरवले की लोकांनी निवडलेल्या खास परिषदांनी मंजुरी द्यावी, नऊ राज्ये पुरेत. मॅसॅच्युसेट्सने १७८० मध्ये घातलेला पायंडाच हा. पहिली पाच राज्ये झटपट आली. मग पाळी आली मॅसॅच्युसेट्सची.

९ जानेवारी १७८८ रोजी बॉस्टनमध्ये परिषद बसली, साडेतीनशेहून अधिक प्रतिनिधींची. दारे उघडी, सज्जात गर्दी, भाषणे वर्तमानपत्रांत. सुरुवातीला विरोधकांचेच बहुमत होते. वूस्टर आणि पश्चिमेकडच्या परगण्यांतून आलेल्यांत शेजच्या बाजूने उभे राहिलेलेही होते. आदल्या हिवाळ्यात ज्यांच्या हातात बंदूक होती, ते आता बाकावर बसून कलमे वाचत होते. अध्यक्ष निवडला गव्हर्नर जॉन हॅनकॉक, पण तो संधिवाताने घरी. १७८७ च्या निवडणुकीत त्याने बॉडविनचा दणदणीत पराभव केला होता, आणि लोक म्हणत की वारा कुठला आहे ते कळेपर्यंत हॅनकॉकचा संधिवात बरा होत नाही. त्याच्या गैरहजेरीत खुर्चीवर होता सरन्यायाधीश विल्यम कुशिंग. राज्याच्या घटनेत माणसे स्वतंत्र जन्मतात असे लिहिले आहे, तेव्हा गुलामी इथे टिकत नाही, असे १७८३ मध्ये ज्युरीला सांगणारा न्यायाधीश तो हाच. त्याच्यासमोर किटरीचा क्वेकर जेम्स नील उठून म्हणाला की माणसांच्या देहाचा व्यापार चालू ठेवणाऱ्या कलमाविरुद्ध साक्ष देणे माझ्या धर्माने मला भाग आहे.

२५ जानेवारीचा दिवस मात्र वेगळाच. स्प्रिंगफील्डच्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर वर्ष झाले होते. सटनचा म्हातारा एमॉस सिंगलटरी उठला. हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले इतके गोड बोलतात ते आम्हा अडाण्यांच्या घशाखाली गोळी उतरावी म्हणून, असे तो म्हणाला. काँग्रेसमध्ये हेच जाऊन बसतील, सत्ता आणि पैसा हातात घेतील आणि बायबलातल्या माशाने योनाला गिळले तसे आम्हा लहान माणसांना गिळतील. त्याला उत्तर द्यायला कोणी वकील उठला नाही. लेन्सबरोचा जोनाथन स्मिथ उठला, स्वतःला नांगरावर पोट भरणारा साधा माणूस म्हणवत. तो म्हणाला, बंड झाले तेव्हा मी त्याच मुलखात होतो. कालपर्यंतचे शेजारी छातीला बंदूक लावत होते. आम्हाला इतकी धास्ती पडली होती की कोणी जुलमी राजा झेंडा घेऊन आला असता तरी आम्ही त्याच्यामागे धावलो असतो. ही घटना हाती आली तेव्हा ती वाचायला मी वकील गाठला नाही. स्वतःच वाचली, पुन्हा पुन्हा वाचली, आणि त्या दुखण्यावरचा इलाज मला तिच्यात दिसला. मध्येच कोणी त्याला गप्प करू पाहिले, पण त्याने भाषण पुरे केले.

दोघेही नांगरधारी, दोघांनाही गिळले जाण्याचीच भीती. एकाला सत्तेने, दुसऱ्याला सत्तेच्या अभावाने. फिलाडेल्फियाच्या बंद दालनातली कित्येक विद्वत्ताप्रचुर भाषणे यापुढे फिकी वाटतात.

भाषणांनी सगळी मते फिरली असे नाही. पडद्याआड बोलणी चालू होती. बॉडविनचे मित्र पुढच्या निवडणुकीत हॅनकॉकला विरोध करणार नाहीत, आणि व्हर्जिनियाने घटना नाकारली तर तिथला वॉशिंग्टन नसताना राष्ट्राध्यक्षपदाला योग्य तोच, असे त्याच्या कानावर घातले गेले. संधिवाताला उतार पडला. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्याला सभागृहात आणले गेले, आणि ३१ जानेवारीला त्याने नऊ दुरुस्त्या वाचून दाखवल्या. त्या लिहिल्या होत्या वकील थिओफिलस पार्सन्सने, श्रेय हॅनकॉकचे. युक्ती अशी: घटना बिनशर्त मंजूर करायची, पण मंजुरीबरोबर शिफारस करायची की पहिल्या काँग्रेसने या दुरुस्त्या कराव्यात. स्पष्टपणे न दिलेले अधिकार राज्यांकडेच राहतील. मोठ्या गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्युरीच्या आरोपाशिवाय चालणार नाही. दिवाणी दाव्यात ज्युरी मिळेल. काही कलमे कर आणि निवडणुकांविषयीची. भाषणस्वातंत्र्य या नऊमध्ये नव्हते. साशंक सॅम्युअल ॲडम्सने पाठिंबा दिला, आणि काठावरची माणसे हलली.

६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८. एकोणीस मतांचे अंतर. दहा माणसे इकडची तिकडे झाली असती तर निकाल उलटा. वूस्टर परगण्यातल्या पन्नास मतांपैकी ४३ विरोधात गेली. मग हरलेले एकेक करून उठले. विल्यम विजरी हा कट्टर विरोधक. तो म्हणाला, मी हरलो, पण बहुमताने. आता घरी जाऊन माझ्या लोकांत एकीचे बी पेरीन. वर्षापूर्वी याच राज्यात हरलेली बाजू बर्फातून व्हरमाँटकडे पळत होती.

मॅसॅच्युसेट्सची ही युक्ती पुढच्या राज्यांनी उचलली. २१ जूनला न्यू हॅम्पशायर नववे राज्य झाले. व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्कने ३० विरुद्ध २७ अशी मंजुरी दिली, आणि तिघांनीही दुरुस्त्यांची यादी जोडली. हक्कांच्या सनदा म्हणजे कागदी बांध, असे म्हणणाऱ्या मॅडिसनला निवडून येण्यासाठी दुरुस्त्यांचे आश्वासन द्यावे लागले, आणि त्याने ते पाळले. ८ जून १७८९ रोजी त्याने प्रस्ताव मांडला, काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे धाडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी दहा मंजूर झाल्या. त्यांतली दहावी, पाचवी आणि सातवी वाचताना हॅनकॉकची यादी आठवते.

शेजला १७८८ मध्येच माफी मिळाली. न्यू यॉर्क राज्यातल्या स्पार्टा गावी तो १८२५ मध्ये गरिबीत वारला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात १७९० साली दोन्ही सभागृहांनी बहुतेक दुरुस्त्यांना होकार दिला खरा, पण अंतिम मंजुरीचा कागद काही तयार झाला नाही. ज्या राज्याने हे सगळे मागितले, त्याची हक्कांच्या सनदेवरची अधिकृत मंजुरी आली ती १९३९ मध्ये, दीडशे वर्षांचा समारंभ साजरा करताना कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून.